विंटेज गाडीच्या बॉडीखालचं रबर: क्रशरचा जुना पट्टा, टायर, नमदा आणि बाकीचं स्वस्त सामान

१९२८ ते १९३१ ची फोर्ड मॉडेल ए किंवा तिच्या काळातली शेवरोले खड्ड्यातून गेली की फ्लोअरखालून टक् असा आवाज येतो. वळणावर दाराच्या कडेला कुरकुर होते. मग डेंटर दार उतरवून बिजागऱ्या ठोकायला घेतो. दोष बहुतेक वेळा बिजागरीत नसतोच. चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि बॉडीच्या मध्ये बसवलेला पॅड दगडासारखा कडक झालेला असतो किंवा भुगा होऊन गळून गेलेला असतो, आणि पत्रा थेट चासीवर घासत असतो. हे पॅड बदलायला महागडं सामान लागत नाही, पण कुठलंही रबर चालतं असंही नाही. स्वस्तात मिळणारं जवळजवळ सगळं सामान इथे तपासलं आहे. निकाल आधीच सांगतो: खडीक्रशरचा किंवा साखर कारखान्याचा जुना कन्व्हेयर पट्टा पहिला, नायलॉनच्या ट्रक टायरचा तुकडा दुसरा, इन्सर्शन शीट, म्हणजे आत कापड घातलेली रबरी शीट, पातळ थरांसाठी. नमदा (लोकर दाबून केलेला जाड फेल्ट), फोम आणि चपलेचं रबर यांचं नावही काढू नका.

या गाड्या आपल्याकडे आहेत त्याला कारण आहे. फोर्डने १९२६ मध्ये मुंबईत कंपनी काढली आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. त्यामुळे त्या काळातल्या फोर्ड आणि शेवरोले आजही इथल्या गॅरेजांत दिसतात. त्यांची चासी म्हणजे दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. मॉडेल एला पुढे आणि मागे एकेकच आडवी पाटा-स्प्रिंग असते. एक चाक उंचवट्यावर गेलं की चासी पिळवटते, आणि ती तशी पिळवटावी हे मूळ रचनेतच धरलेलं आहे. बॉडी मात्र पत्र्याची पेटी, तिला पिळवटणं मानवत नाही. या दोघींमधला फरक पचवण्याचं काम पॅडचं. तो नसेल तर पत्र्याला बोल्टच्या भोकापाशी चीर जाते, आणि ती चीर वेल्डिंगने भरली तरी वर्षभरात शेजारी दुसरी पडते.

मॉडेल एसाठी लाकडी ठोकळे, रबर पॅड आणि बोल्ट असा तयार संच अमेरिकेत मिळतो. तो चांगलाच असतो, पण डाक आणि जकात धरून इथे येईपर्यंत त्याची किंमत कुठल्या कुठे जाते. आत असतं काय, तर कापडाचे थर घातलेलं रबर. तेच इथे किलोवर विकलं जातं.

कापडाच्या थरावर एवढा भर का? रबर दाबलं की ते आकसत नाही, बाजूला पळतं. नुसत्या रबराचा तुकडा बोल्टखाली आवळला की तो कडेने ओठासारखा बाहेर येतो, मधे पातळ होतो आणि भोकापासून फाटायला लागतो. आत कापड असेल तर ते रबराला धरून ठेवतं. आता हिशेब पाहा. बॉडी आणि बसलेली माणसं मिळून ६०० किलो आणि बोल्ट १० असं धरलं, तर एका पॅडवर ६० किलो. दोन बाय तीन इंचाच्या पॅडला हे वजन काहीच नाही, एका चौरस सेंटिमीटरवर दीड किलो जेमतेम. पण तीन सुती, म्हणजे ३/८ इंची बोल्ट (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) २० न्यूटन-मीटरने आवळला तर तो एकटा सुमारे एक टनाने दाबतो. पॅड गाडीच्या वजनाने मरत नाही, पान्याने मरतो. सामान निवडताना आणि बसवताना ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की बाकी सगळं सोपं होतं.

पट्ट्याचं म्हणाल तर तो या कामासाठीच बनवल्यासारखा आहे. वर रबराचं जाड कव्हर, खाली पातळ कव्हर, मधे पॉलिएस्टर-नायलॉनचे तीन किंवा चार थर. क्रशरवर त्याच्या अंगावर दिवसभर टोकदार खडी पडते, त्यामुळे रबर मुळातच चिवट असतं. भारतीय मानकाप्रमाणे पट्ट्याच्या कव्हरला एम-२४, एन-१७ अशी प्रत असते. आकडा म्हणजे रबराची ताणशक्ती, मेगापास्कलमध्ये. एम-२४ मिळाला तर उत्तम, एन-१७ ही आपल्या कामाला भरपूर झाला. जाडी साधारण ८ ते १२ मिमी, म्हणजे तीन-चार सूत. मॉडेल एच्या बहुतेक जागांना एक थर पुरतो. ज्या जागी मूळ पॅड जाड होता तिथे दोन थर किंवा एक थर आणि खाली लाकडी ठोकळा.

किती लागतो? दोन बाय तीन इंचाचे पॅड एका चौरस फुटात २४ बसतात, वाया जाणारं सोडून २० धरा. ६०० मिमी रुंद पट्ट्याचा एक फूट लांबीचा तुकडा घेतला तर सगळी गाडी होऊन पुढच्या गाडीलाही उरतं. १० मिमी जाडीच्या अशा तुकड्याचं वजन दोन किलोच्या आसपास भरतं. गाळप हंगाम संपला की कारखान्यांचे उतरवलेले पट्टे भंगारात येतात. क्रशरचे वर्षभर येतात.

घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. आधी लोहचुंबक फिरवा, चिकटला तर आत पोलादी तारा आहेत, तो पट्टा परत ठेवा. मग तुकड्याची कड पक्कडीत धरून थर सोलायचा प्रयत्न करा. चांगल्या पट्ट्याचे थर जोर लावूनही सुटत नाहीत. थर वहीच्या पानांसारखे उलगडले तर पाणी आत शिरलेलं आहे. पट्टा उलटा दुमडून पृष्ठभाग बघा. बारीक भेगांचं जाळं दिसलं तर रबर उन्हाने वाळलं आहे. मधला भाग खडीने झिजलेला असतो आणि कडा बहुधा रोलरवर घासून फाटलेल्या असतात, म्हणून कडेपासून चार-पाच इंच आतला पट्टा मागा, तिथे जाडी सारखी मिळते. हाताला बुळबुळीत लागणारा, तेल पिऊन फुगलेला तुकडा नको. हिरवा किंवा पांढरा, गुळगुळीत पट्टा दिसला तर तो खाद्यपदार्थांच्या कारखान्यातला, पीव्हीसीचा असण्याची शक्यता मोठी. पीव्हीसी सतत दाबाखाली हळूहळू चपटा होतो, आणि त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येऊन रंगाला चिकट करतं.

पट्ट्यात एकच खरी उणीव आहे. कापल्यावर कडेला कापडाचे धागे उघडे पडतात आणि पावसाळ्यात ते वातीसारखं पाणी ओढतात. उपाय पंक्चरवाल्याकडेच आहे. कापलेल्या चारी कडा आणि भोकाची आतली बाजू यांना पंक्चरच्या सोल्युशनचे दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण ते टाळलं तर कोकणातल्या दोन पावसाळ्यांत थर सुटतात.

ट्रकचं टायर दुसऱ्या क्रमांकावर आहे, तेही फक्त नायलॉनचं. रेडियल घेऊ नका. बाजूवर १०.००-२० असं छापलेलं असेल तर चालेल, आकड्यांच्या मधे ‘आर’ असेल तर आत पोलादी तार आहे. तार कापल्यावर गंजते, सुईसारखी बाहेर येते, चासीचा रंग खरवडते आणि बसवताना बोटात घुसते. नायलॉन टायरचा बाजूचा भाग घ्यावा, नक्षीचा नको. चिवटपणात तो पट्ट्याच्या तोडीस तोड आहे. पण टायर दोन्ही दिशांनी गोलाकार असतं, त्यामुळे तुकडा सपाट बसत नाही, टेबलावर ठेवून टोक दाबलं की दुसरं टोक उचललं जातं. दोन इंची लहान पॅडला हे खपून जातं. चासीच्या लांबीने टाकायच्या पट्टीला नाही. जीपच्या बॉडीला गावोगाव टायरचे तुकडे लावलेले दिसतात आणि ते टिकतात, हे खरं आहे. जीपमध्ये दाराची फट मिलिमीटरात मोजायची नसते, एवढाच फरक.

इन्सर्शन शीट रबराच्या दुकानात मिळते. नळांच्या फ्लँजखाली गॅस्केट म्हणून वापरतात तीच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात, पुण्यात बोहरी आळीत विचारा. आत कापडाचा एक किंवा दोन थर असतो आणि ती दीड मिमीपासून पुढे वेगवेगळ्या जाडीत येते. मुख्य पॅड म्हणून ती मध्यम आहे, पण उंची जुळवायला हिच्यासारखं दुसरं काही नाही. स्वस्तातल्या शीटमध्ये खडूची भरती फार असते. तुकडा घट्ट दुमडून चिमटीत दाबा. घडीवर पांढरट रेघ उठली किंवा भेग गेली तर दुकान बदला.

नवं सामान घ्यायचं असेल तर भरीव निओप्रीन (एक कृत्रिम रबर) शीट, शोअर ए या कडकपणाच्या मापावर ६५ ते ७०. तेल आणि उन्हाला दोन्हीला ते बऱ्यापैकी पुरून उरतं, म्हणून इंजिनजवळच्या, काउलखालच्या (बॉनेट आणि पुढची काच यांच्या मधल्या भागाखालच्या) दोन-चार जागांना ते लावावं. तिथे ऑइलचा हात लागतोच. दुकानात 'भरीव' हा शब्द स्पष्ट बोला, नाहीतर त्याच नावाचा स्पंज मिळतो आणि तो इथे निरुपयोगी आहे. ईपीडीएम हे दुसरं कृत्रिम रबर हवेला आणि उन्हाला फार टिकतं, पण ऑइल-पेट्रोलला भिजलं की फुगतं. मागच्या भागाला ते चालेल. दोन्हींत कापड नसतं, म्हणून आवळताना हात आखडता घ्या.

आता न घेण्याच्या वस्तू. नमदा पूर्वी बऱ्याच गाड्यांत वापरला जाई, म्हणून 'मूळ सामान' या नावाखाली तो लावायचा मोह होतो. आपल्या पावसाळ्यात तो चासीच्या पट्टीवर ओला फडका ठेवल्यासारखा राहतो. वरून गाडी कोरडी, खाली गंज, आणि पॅड काढल्यावर त्याच्या आकाराचा चौकोन पत्र्यावर उमटलेला. डांबरात बुडवलेलं गोणपाट मे महिन्यात पाघळतं आणि थंडीत कडक होतं. चामडं पाणी पितं, वाळतं, आकसतं, आणि दर वेळी बोल्ट सैल होतो. कॉर्क मिसळलेलं गॅस्केट सपाट दाबाला चांगलं, पण चासी पिळवटली की तडकतं. हवाई चपलेचं रबर आणि ईव्हीएचा फोम हातात घेतल्यावर छान मऊ लागतो. त्यातली मऊपणा देणारी हवेची घरं दाबाखाली एकदा बसली की परत उठत नाहीत. महिन्याभरात बोल्ट ढिला, मग कोणीतरी तो पुन्हा आवळतो, पुन्हा ढिला.

गोठ्यात गाईंखाली घालायच्या मॅटबद्दल खूप विचारणा होते, कारण ती जाड असते आणि गावात सहज मिळते. त्यातल्या बऱ्याच ईव्हीएच्या असतात, त्यांचं वर सांगितलंच. काळ्या, जड मॅट टायरचा भुगा चिकटवून केलेल्या असतात. पसरट ओझ्याला त्या ठीक, पण भोक पाडून आवळलं की भोकाच्या कडेने दाणे सुटायला लागतात. ट्रकचा मडफ्लॅप फक्त पातळ थर म्हणून, तोही खऱ्या रबराचा असेल तर. पॉलियुरेथेनचे कडक पॅड शर्यतीच्या गाडीला शोभतात. जुन्या बॉडीत ते इंजिनचा प्रत्येक थरथराट दाराच्या काचेपर्यंत नेतात आणि स्वतःही कुरकुरतात. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांना तिकडचे लोक आइस हॉकीची चकती सुचवतात. ती तीन इंच व्यासाची, एक इंच जाड आणि चांगलीच कडक असते. जाड ठोकळा हवा तिथे तिचा उपयोग होतो, पण मॉडेल एच्या पातळ जागांना ती कापत बसण्यात अर्थ नाही.

लाकडी ठोकळ्यांसाठी सागवानाचे उरलेले तुकडे पुरतात. भोक आधी पाडा, मग रंगाच्या दुकानात 'बॉइल्ड' म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात (थंडच) रात्रभर बुडवून आठवडाभर वाळवा, भोकाच्या आतही तेल गेलं पाहिजे. साधा प्लायवूड नको, कडेने सुटतो. लाकूड कधीही थेट पत्र्याला किंवा चासीला लावायचं नाही, वर-खाली पातळ इन्सर्शन शीट हवीच. शेवरोलेच्या त्या काळच्या बॉडीत पत्र्याच्या आत लाकडाची चौकट असते. तिथे खालचं लाकूड आधी टोचून बघा. टोच्या आत गेला तर पॅड बदलून काही साधणार नाही, आधी सुताराचं काम.

कापायला चांभाराची रापी सगळ्यात बरी. पातं साबणाच्या पाण्यात बुडवत राहायचं आणि एका घावात कापायचं नाही, त्याच रेघेवरून चार-पाच वेळा ओढायचं. कोरडं पातं रबरात अडकतं आणि कड तिरकी जाते, वरून चौकोन बरोबर, खालून तीन मिलिमीटर मोठा. ग्राइंडर लावू नका, रबर जळतं, कड कडक होते आणि धूर घशाला लागतो. भोकासाठी पोकळ पंच, खाली लाकडाचा ओंडका उभा ठेवून. ड्रिलचं पातं कापडाचे धागे गुंडाळून घेतं आणि भोक दातेरी होतं. भोक बोल्टपेक्षा एक मिलिमीटर मोठं ठेवा. पॅड चासीच्या वरच्या पट्टीपेक्षा रुंद नको. बाहेर राहिलेल्या कडेवर चिखल साठतो आणि तिथूनच गंज धरतो.

सगळे बोल्ट एकदम काढून बॉडी उचलायची गरज नाही. एका बाजूचे सगळे ढिले करा, पण काढा एका वेळी एकच. जुन्या पॅडची जाडी जागेनुसार वहीत लिहा, दाबलेला असला तरी आकडा उपयोगी पडतो. जॅक फ्लोअरच्या पत्र्याला लावू नका, बॉडीच्या कडेच्या मजबूत भागाखाली लाकडी फळी आडवी घालून उचला, दहा-बारा मिलिमीटर पुरतात. मॉडेल एमध्ये पेट्रोलची टाकी काउलमध्येच, डॅशच्या पुढे बसवलेली आहे आणि स्टिअरिंगच्या दांड्याचा आधार त्याच टाकीच्या खालच्या बाजूला आहे. म्हणून पुढचा भाग उचलण्याआधी कॉक बंद करून पेट्रोलची नळी सोडा आणि स्टिअरिंगचा तो आधार ढिला करा. हे विसरलं तर टाकीला चीर जाते, आणि पेट्रोल ड्रायव्हरच्या पायांवर गळतं. काउल उंच झाला की बॉनेट आणि रेडिएटरच्या कडेची फट बदलते, त्यामुळे पुढच्या जागांना मूळ जाडीच ठेवावी, 'थोडं जास्त मऊ' करण्याच्या नादी लागू नये. चासीला नवा रंग दिला असेल तर तो पूर्ण वाळू द्या, ओल्या एनॅमलवर ठेवलेला पॅड रंगासकट उचलला जातो.

दार जुळवण्याचा खरा खेळ इथे आहे. दाराची कुलपाकडची बाजू खाली बसत असेल तर बिजागरीच्या खांबाखाली दीड मिलिमीटरचा थर घाला किंवा कुलपाच्या खांबाखालचा एक काढा. उलट असेल तर उलट. एका वेळी एकच थर, मग बोल्ट लावून दार चार वेळा उघडून मिटा आणि मगच पुढचा. तळाशी दीड मिलिमीटरने वरच्या टोकाची फट किती हलते ते बघून नवखा माणूस चकित होतो. बिजागरी ठोकण्याआधी हे करून बघा.

आवळण्याचं माप असं. नट हाताने पॅडला टेकेपर्यंत फिरवा. तीन सुती, बारीक आट्याच्या बोल्टला इंचात २४ आटे असतात, म्हणजे एका फेऱ्यात नट सुमारे एक मिलिमीटर चढतो. १० मिमीच्या पट्ट्याला पान्याने एक फेरा, संपला विषय. पॅडची कड दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फुगलेली दिसली तर जास्त आवळलंय. नट थांबून राहावा म्हणून ताकद लावायची नाही, त्यासाठी खाचांचा नट आणि स्प्लिट पिन किंवा नायलॉक नट आहे. खाली मोठा वायसर आणि त्याच्यावर पातळ इन्सर्शन शीटची चकती, नाहीतर बोल्टच्या वाटेने थरथर बॉडीत जाते. शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर एकदा पुन्हा तपासा. तेव्हा पाव फेरा घेतला तर ठीक, अर्ध्याहून जास्त घेतला तर सामान चुकीचं आहे.

कुरकुर राहिलीच तर ग्रीस किंवा ऑइल लावू नका, रबर फुगून सैल होतं. शंखजिऱ्याची पूड, पंक्चरवाले ट्यूबला लावतात तीच, पॅडच्या दोन्ही बाजूंना चोळून बसवली की आवाज जातो.

एक गोष्ट इतक्या वेळा राहून जाते की ती वेगळी सांगायलाच हवी: अर्थिंग. जुने गंजके पॅड असताना बॉडी चासीला कुठे ना कुठे टेकत होती आणि दिवे चालत होते. नवं रबर टाकल्यावर ती वाट तुटते. मॉडेल एचं वायरिंग ६ व्होल्टचं, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेलं. तेवढ्याच वॅटला १२ व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून जोडातला थोडासा गंजही जाणवतो आणि बॉडीवरचे दिवे पिवळे पडतात. बॉडीपासून चासीपर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी टाका, दोन्ही टोकांचा रंग घासून उघड्या लोखंडावर बसवा आणि वरून व्हॅसलिनचा हात द्या. पट्टी थोडी ढिली ठेवा, ताणून बांधली तर चासीच्या पिळाने तुटते.